वाचकांचे प्रश्न: ओसीटी लाल, फील्ड नॉर्मल

प्रश्न: बाबांचं वय ६२. काचबिंदूच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या ओसीटीत खालची बाजू लाल आली. त्याच दिवशीची फील्ड टेस्ट मात्र नॉर्मल. कुठला कागद खरा मानायचा? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात. ओसीटी हे डोळ्याच्या आतल्या थरांचं स्कॅन; ते डोळ्याच्या नसेभोवतालच्या तंतूंची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतं. ते तंतू काम किती करतात हे फील्ड टेस्ट सांगते: ठिकठिकाणी ठिपके दाखवतात, दिसला की बटण दाबायचं. काचबिंदूत बहुधा जाडी आधी घटते, नजरेतला फरक मागाहून उमटतो. यात थोडा हात मोजणीच्या पद्धतीचाही आहे. नेहमीच्या २४-२ टेस्टमध्ये ५४ बिंदू असतात, एकमेकांपासून ६ अंशांवर. दोन बिंदूंमधला, न दिसणारा बारीक डाग सहज निसटतो. शिवाय डोळ्याची प्रकाशाची संवेदना मोजायची डेसिबलची पट्टी अशी, की संवेदना निम्मी झाली तरी आकडा जेमतेम ३ नं उतरतो.

लाल म्हणजे रोग, असंही नाही. त्या वयाच्या १०० निरोगी माणसांत एखाद्याचीच जाडी इतकी कमी असते, एवढंच तो रंग सांगतो. चष्म्याचा नंबर उणे ६ च्या पुढे असेल तर तंतूंचे जाड पट्टे कानशिलाकडे सरकलेले असतात आणि धडधाकट डोळाही लाल येतो. म्हणून रंगाआधी सिग्नलचा आकडा, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आला ते, बघा. १० पैकी ६ च्या खाली असेल तर तो कागद बाजूला ठेवा: मोतीबिंदूनं किंवा कोरड्या डोळ्यानं सिग्नल पडतो, आणि जाडी आहे त्याहून कमी भरते. मोजणीचं वर्तुळ नसेच्या मधोमध नसेल तरी एक बाजू उगाच पातळ दिसते.

मग दोन्ही कागदांची जुळवणी. डोळ्यात चित्र उलटं पडतं; खालचे तंतू गेले की वरचं दिसणं जातं. डाव्या डोळ्यात घड्याळाच्या ५ च्या जागी पातळ असेल, तर डाग फील्डच्या वरच्या अर्ध्यात, नाकाकडे, मधल्या आडव्या रेषेला टेकून यायला हवा. पण पापणी लोंबत असेल तरी वरचा पट्टा काळा येतो आणि जुळल्यासारखं वाटतं. अशा वेळी पापणी चिकटपट्टीनं उचलून टेस्ट पुन्हा करतात.

'नॉर्मल' फील्डही तपासून घ्या. नजर ढळल्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत हवं, न दिसताच बटण दाबल्याचं १५ च्या आत. निरोगी माणसालाही जवळजवळ निम्मे ठिपके दिसत नाहीत, मशीन ते मुद्दाम मंद करत नेतं. हे आधी सांगितलं नाही तर वयस्कर माणूस घाबरून बटण दाबत सुटतो. बाबांना कन्नड नीट कळत नसेल तर सूचना मराठीत मागा. यात संकोच कसला? पहिली टेस्ट बऱ्याचदा शिकण्यातच जाते, दुसरी धरावी. मॅक्युलाचा (पडद्याच्या मध्यभागाचा) थर पातळ असेल तर नजरेचा मधला भाग तपासणाऱ्या १०-२ फील्डबद्दल डॉक्टरांना विचारा. तीत ६८ बिंदू, २-२ अंशांवर.

पुढच्या वेळी ओसीटी त्याच बनावटीच्या मशीनवर करा. दोन बनावटींचे मायक्रॉन एकमेकांशी ताडता येत नाहीत. ३-४ मायक्रॉनचा फरक मोजणीतलाच असतो, त्यावरून झोप उडवू नका. आजार फार पुढे गेला की जाडी ५० च्या आसपास येऊन थांबते, कारण उरलेला थर तंतूंचा नसतो. मग लक्ष फील्डवर. दुसरं मत घ्यायला मिरजेला किंवा हुबळीला निघालात तर रंगीत मूळ प्रत न्या. झेरॉक्समध्ये लाल-पिवळं सगळं राखाडी होतं.

प्रश्न: आई सांधेदुखीसाठी सहा वर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेते, रोज २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. वजन ४८ किलो. नजर चांगली आहे, तरी ओसीटी आणि फील्ड दोन्ही टेस्ट सांगितल्यात. कशाला? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: या औषधानं पडद्याला झालेली इजा सहसा भरून येत नाही, म्हणून नजर चांगली असतानाच शोधायची. पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी आणि १०-२ फील्ड करतात. आशियाई लोकांत डाग कधी मध्यापासून दूर पडतो, तेव्हा २४-२ चीही जोड लागते. दुसरी गोष्ट डोसची: मर्यादा दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे आईंसाठी २४०. त्या ४०० घेताहेत. गोळी परस्पर बंद करू नका. वजन आणि किडनीचा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात सांधेदुखीच्या डॉक्टरांना भेटा.