प्लास्टरचा स्लॅब लावायच्या आधी पायाची पल्स बघ

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू म्हणालास की रक्ताची नस तुटलेला पेशंट आला तर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपण करणार तरी काय, ना सर्जन ना सीटी. खरंय, नस शिवणं तुझं काम नाहीच, पण पाय राहील का जाईल यातलं बरंचसं तुझ्याच टेबलावर ठरतं बाप्पा.

पायाचा रक्तपुरवठा बंद झाला की साधारण 6 तासांनी स्नायू कायमचे मरायला लागतात, आणि हे तास केसपेपर काढला तिथून नाही, ट्रॅक्टर उलटला तिथून मोजायचे. त्यात कोणी गावातच कामट्या आवळून बांधून आणलेलं असलं तर विचारूच नको. नातेवाईक म्हणेल "सकाळीच तं लागलं साहेब", तेवढ्यावर सोडू नको, चहाच्या आधी का नंतर तेही विचार आणि ती वेळ रेफर चिठ्ठीवर सगळ्यात वर लिही.

विळ्याने कापलेली नस घाबरवते खूप, पण पाय बहुतेक वाचतो. थ्रेशरमध्ये नाहीतर ट्रॉलीखाली चेंगरलेला, हाड, नर्व्ह, मांस सगळंच गेलेलं, वरून बीपी पडलेलं, तिथे पाय कापायची पाळी जास्त येते. अन् सगळ्यात दगाबाज गुडघा. त्याच्यामागच्या पॉप्लिटियल धमनीला पर्यायी रक्तपुरवठा फार तोकडा, दुसऱ्या महायुद्धात ती नुसती बांधून टाकत तेव्हा 70 टक्क्यांहून जास्त पाय कापावे लागले. बाईकवरून पडला की गुडघा निखळतो, आपोआप बसतोही, एक्सरे साफ, आणि आत धमनी बंद!

म्हणून स्लॅबच्या आधी दोन्ही पावलांची पल्स हाताने बघ, दोन्ही बाजू ताडून. बोटं हलतात, पाय कोमट आहे, यावर जाऊ नको. आणि पल्स लागली तरी पोटरी टणक झाली असेल, अंगठा नुसता वर ओढला तर ओरडत असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम समज, म्हणजे सुजलेल्या स्नायूंचा दाब आतल्या आत वाढून रक्त अडतंय; फॅशिओटॉमी (स्नायूंवरचं आवरण चिरून दाब मोकळा करणं) लवकर लागेल हे फोनवरच सांगून ठेव.

रक्त दाबून थांबत नसेल तरच टर्निकेट (जखमेच्या वर आवळायचा पट्टा), आणि लावल्याची वेळ पेनने त्याच्या अंगावरच लिही, चिठ्ठ्या हरवतात.

मेस स्कोअर, म्हणजे पाय कापावा लागेल का याचा अंदाज देणारे गुण, 7 आला म्हणून "पाय जाणार" असं घरच्यांना तू सांगू नको, 7 च्या वर जाऊनही वाचलेले पाय आहेत, ते ऑपरेशन करणारे ठरवतील. तू 108 बोलाव आणि नस जोडणारा सर्जन कुठे हजर आहे ते फोनवर पक्कं करून थेट तिथेच पाठव, नाहीतर आधी तालुका मग जिल्हा असं करत लोक नागपूरला रात्री पोचतात.