साताऱ्याच्या ज्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, ती शाळा राजवाड्यात कशी आली?

साताऱ्याचा जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी 1824 च्या सुमारास बांधला. इंग्रजांनी 1839 मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये निधन पावल्यावर दत्तकविधान नाकारून राज्यच खालसा केले, त्यामुळे राजघराण्याच्या निवासासाठी उभारलेली ही वास्तू पुढे सरकारी इंग्रजी शाळेच्या वापरात आली. शाळा 1851 ची आहे. प्रतापसिंह हायस्कूल हे नाव मात्र तिला पुष्कळ नंतर मिळाले.

वाड्याची रचना मराठा धाटणीची आहे. लाकडी खांब आणि तुळयांवर पेललेले मजले ही तिची खरी ओळख असून, मुंबईतील त्याच शतकातल्या दगडी गॉथिक शाळांशी तिची तुलना करणे मला गैरलागू वाटते, कारण त्या इमारती शाळेसाठीच योजल्या गेल्या होत्या, तर येथे राहत्या वाड्यातच वर्ग सामावून घ्यावे लागले.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर यांनी इंग्रजी पहिलीत येथे प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर त्यांची नोंद आहे, आणि राज्यात हा दिवस 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.