वेब दुर्बिणीचा आरसा मुद्दाम ‘चुकीचा’ का घासला?

प्रश्न : जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा आरसा कारखान्यात नेहमीच्या तापमानाला घासला, पण तिथे वर अंतराळात तो उणे 220 अंश सेल्सिअसच्याही खाली काम करतो. थंडीत त्याचा आकार बिघडत नाही का?

उत्तर : बिघडतो, आणि किती बिघडणार हे मोजूनच तो घासलेला आहे. आरसा बेरिलियम या हलक्या धातूच्या 18 षटकोनी तुकड्यांचा आहे. एकेक तुकडा समोरासमोरच्या बाजूंमध्ये 1.32 मीटर. तो सगळीकडे सारखा आकसला तर नुसता लहान होतो, ते सावरता येतं. त्रास असतो तो कमी-जास्त आकसण्याचा, कारण मागची बाजू कोरून फासळ्या ठेवलेल्या असतात आणि आधार ठरावीक जागीच असतात. म्हणून हे तुकडे अमेरिकेत अलाबामातल्या नासाच्या मार्शल केंद्रात नेले, निर्वात कक्षात उणे 248 अंशांच्या आसपास थंड केले आणि व्यतिकरणमापकाने (प्रकाशलहरींच्या मदतीने पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्राने) उंचवट्या-खळग्यांचा नकाशा काढला. मग परत कॅलिफोर्नियात पॉलिशला. थंडीत जिथे उंचवटा येतो तिथे तेवढाच खळगा घासायचा. असा आरसा टेबलावर मोजला तर सदोष दिसतो. तीच त्याची बरोबर अवस्था.

जमिनीवर आरसा स्वतःच्या वजनानेही लवतो. उभा धरलेला आरसा एकदा सरळ आणि एकदा 180 अंश फिरवून मोजला आणि दोन्ही नकाशांची सरासरी काढली, की वजनाने आलेला वाक बाद होतो.

प्रश्न : मग आरसे धरणारा सांगाडा धातूचा का नाही?

उत्तर : खरी कसोटी सांगाड्याचीच. तो राळेने चिकटवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांचा आहे. कार्बन तंतू लांबीच्या दिशेने थंडीत किंचित वाढतात, राळ आकसते. थरांचे कोन असे ठरवायचे की दोन्ही एकमेकांना खोडतील. धातूत ही सोय नाही. वेबच्या सांगाड्याची हालचाल 38 नॅनोमीटरच्या आत हवी होती. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो! राळ हवेतली ओल शोषते आणि निर्वातात ती सोडताना आकसते, म्हणून कमी ओल धरणारी सायनेट एस्टर राळ निवडतात.

आरसे आणि उपकरणं जोडल्यावरची चाचणी 2017 मध्ये ह्यूस्टनमधल्या नासाच्या ‘चेंबर ए’ या प्रचंड निर्वात कक्षात झाली, सुमारे 100 दिवस. बाहेरच्या वेष्टनात द्रव नायट्रोजन, आतल्यात थंड हेलियम वायू. इथे थंड करायची घाई केली तर घात होतो. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेगाने आकसून सांध्यांवर ताण येतो, आणि सांगाड्यातून सुटलेली वाफ सर्वांत थंड जागी गोठते. ती जागा आरशाची असता कामा नये.

यातूनही उरलेली चूक अंतराळात दुरुस्त होते. प्रत्येक तुकड्यामागे 7 मोटारचलित दांडे आहेत, 6 जागा बदलायला आणि 1 वक्रतेसाठी. त्यांचं पाऊल 10 नॅनोमीटरपेक्षाही बारीक.