पाटीवरची सरस्वती आणि एनोशिमाची बेन्तेन

योकोहामा

प्रिय मनवा,

एनोशिमा बेटाहून परत येताना ओदाक्यूच्या गाडीत तू विचारलंस, "बाबा, ही बेन्तेन जर आपलीच सरस्वती असेल, तर इथे तिला शेकडो वर्षं जपून ठेवलंय आणि आपण मात्र दसऱ्याला तिला पाटीवर काढतो आणि मग पुसून टाकतो. असं का?" त्याला लागूनच दुसरा प्रश्न, "आणि इथे लोक तिच्याकडे येऊन पैसे का धुतात?" गाडीत सगळे चिडीचूप बसलेले असताना यावर बोलत बसणं शक्य नव्हतं, म्हणून लिहून देतोय. जरा लांबलंय. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आधी ती आपलीच का, ते बघू. आपलीच, पण माहेर सोडून फार दिवस झालेली. भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमध्ये गेली आणि तिथून जपानला आली. इथे तिचं नाव बेन्झाइतेन, लाडाने बेन्तेन. 'सुवर्णप्रभास' नावाच्या सूत्रात तिच्यावर एक आख्खा अध्याय आहे. जो हे सूत्र म्हणेल त्याला मी वाणी देईन, स्मरणशक्ती देईन, असं ती त्यात सांगते. इथवर ती तुझ्या ओळखीचीच आहे. पण त्याच सूत्रात तिला आठ हात आहेत आणि त्या हातांत धनुष्य, बाण, तलवार, परशू, चक्र, पाश अशी शस्त्रं आहेत. नाराच्या तोदाइजी देवळात आठव्या शतकातली तिची मातीची मूर्ती आहे, तीसुद्धा आठ हातांचीच. पुढे हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं, मोर आणि हंस मागे पडले आणि साप तिचा दूत झाला. पाणी मात्र तिने सोडलं नाही. ऋग्वेदातली सरस्वती ही आधी नदी आहे. इथे बेन्झाइतेनची सगळ्यात मोठी मानली जाणारी तीन ठाणी बघ: मियाजिमा समुद्रात, चिकुबुशिमा बिवा सरोवरात आणि आपलं एनोशिमा सागामीच्या उपसागरात. तिन्ही बेटंच.

होआनदेनमध्ये, म्हणजे त्या आठ कोनी छोट्या मंडपात, तू दोन मूर्ती पाहिल्यास. एक गोरीपान, बिवा वाजवणारी. गाणारे-वाजवणारे तिला मानतात. दुसरी आठ हातांची. तिच्यापुढे तू जास्त वेळ उभी होतीस, कारण तिच्या हातांत काय काय आहे ते तुला मोजायचं होतं. तिची गोष्ट अशी. 1182 साली मिनामोतो नो योरितोमो या सरदाराने मोंगाकु नावाच्या भिक्षूकडून एनोशिमावर बेन्झाइतेनची स्थापना करवली. कशासाठी? विद्येसाठी नव्हे. उत्तरेकडचा फुजिवारा नो हिदेहिरा हा आपला शत्रू पडावा म्हणून. हाच योरितोमो दहा वर्षांनी, 1192 मध्ये, शोगुन, म्हणजे देशाचा सरसेनापती, झाला. म्हणजे सरस्वतीकडे त्याने युद्धातला जय मागितला होता.

हे ऐकून तुला विचित्र वाटेल, पण आपला दसरा आठव. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि त्याच पाटावर पाटी आणि पुस्तकं. आजोबा विळा, कात्री, पाना, स्क्रू-ड्रायव्हर सगळं धुऊन मांडायचे, त्यावर झेंडूची फुलं वाहायचे आणि शेजारी माझी पाटी असायची. आता आपण लॅपटॉपला कुंकू लावतो, तुझ्या रान्दोसेरूला, म्हणजे शाळेच्या दप्तराला, हार घालतो. ज्या हत्याराने घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. जपानी लोकही हे करतात. इकडे कान्तोमध्ये 8 फेब्रुवारीला मोडलेल्या सुया देवळात नेऊन मऊ तोफूत टोचतात आणि त्यांचे आभार मानतात. वर्षभर कडक कापडात खुपसली गेलेली सुई, शेवटी तरी तिला मऊ अंथरूण मिळावं. मला ही पद्धत फार आवडते.

बेटावर तीन देवळं आहेत, हेत्सुमिया, नाकात्सुमिया आणि ओकुत्सुमिया. यातलं सरस्वतीचं कोणतं, असं तू तीनदा विचारलंस. खरं सांगायचं तर आज एकही नाही. तिन्ही देवळं तीन बहिणींची, समुद्राच्या देवींची. पूर्वी त्या आणि बेन्तेन एकच, असं लोक धरून चालत. 1868 मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढलं की शिंतो देव वेगळे आणि बौद्ध देव वेगळे. बेन्तेन पडली बौद्धांकडची. देशभर कितीतरी मूर्ती तेव्हा फोडल्या, विकल्या. एनोशिमाच्या या दोघी टिकल्या आणि आज बाजूच्या मंडपात तिकीट काढून बघायला मिळतात. लोकांनी मात्र सरकारचं ऐकलं नाही. आजही बेटावर जाणारा पूल 'बेन्तेन पूल' आहे आणि दुकानदार सांगतात तेही बेन्तेनचंच.

आता तुझा खरा प्रश्न. आपण तिला पुसतो का?

आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय ना, त्यात आश्विनाचं पान काढ. नवरात्रात मूळ नक्षत्राच्या दिवशी 'सरस्वती आवाहन' असं छापलेलं दिसेल. पुढे 'पूजन', मग 'बलिदान' आणि श्रवण नक्षत्रावर 'विसर्जन'. म्हणजे ती यायची तारीख ठरलेली आणि जायचीही. आपल्याकडे बऱ्याच देवांचं असंच आहे. गणपती मातीचा करायचा, आणायचा आणि पाण्यात सोडायचा. हरतालिकेला वाळूची पिंड करायची आणि दुसऱ्या दिवशी मोडायची. नवरात्रात घट बसतात आणि दसऱ्याला उठतात. उत्तरपूजा करताना गुरुजी मूर्ती थोडी हलवतात आणि 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा यायचं बरं का. तो मंत्र झाला की त्या मातीत देव नसतो. मग ती माती ठेवून काय करायची? उलट घरात कायम बसवलेल्या मूर्तीचं रोज सगळं करावं लागतं: आंघोळ, गंध, फूल, नैवेद्य. आजी गावाला जाताना शेजारच्या काकूंना देव सांभाळायला सांगून जायची, तू पाहिलंयस. पाटीवरची सरस्वती कुणाला अशी बांधून ठेवत नाही.

आजीच्या घरी मी ती कशी काढायचो, सांगतो. पाटी आधी कोळशाने घासून काळीभोर करायची आणि सुकवायची. मग पेन्सिलीने 1 चा मराठी आकडा, १, ओळीने काढत जायचा, एकाला एक लागून. मांडणी नीट जमली की त्या आकड्यांतूनच तिची आकृती उभी राहते. ना नाक ना डोळे, नुसते आकडे. चित्रकला न येणाऱ्या मुलालाही ती काढता यावी, इतकी सोपी. त्यावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. त्या दिवशी अभ्यास करायचा नाही, कारण पुस्तकं पूजेत. वर्षातली ही एकच सुट्टी अशी की जी आजोबांसारख्या कडक माणसानेही कधी कापली नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पाटी पुसायची आणि तिच्यावरच पाढे लिहायला बसायचं. कुंकू मात्र लाकडी चौकटीच्या फटीत जाऊन बसायचं आणि पुढचे कितीतरी दिवस बोटाला लागायचं.

माझं मत विचारशील तर पुसणं हाच त्या पूजेचा भाग आहे. पाटी पुसली नाही तर लिहिणार कशावर?

तिची देवळं आपल्याकडे अगदी नाहीतच असं नाही, पण कमी. आम्हा नांदेडच्या माणसांची सरस्वती बासरला. गोदावरीच्या काठी, धर्माबादच्या पुढे, तेलंगणात. तिथे लहान मुलांना मांडीवर बसवून पहिलं अक्षर गिरवून घेतात. नांदेडकडून कितीतरी मराठी घरं त्यासाठी जातात. मलाही नेलं होतं. मला आठवत नाही, आजी सांगते की मी पाटीपेक्षा तांदळातच जास्त रमलो होतो.

आणि कायम टिकवणं हीच जपानी पद्धत, असंही समजू नकोस. इसेचं मोठं देऊळ ते दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधतात आणि जुनं उतरवतात. 2013 मध्ये बांधलं, आता 2033. तेव्हा तू मोठी झालेली असशील, जाऊन बघ.

पैशांचं उत्तर सोपं आहे आणि गमतीचंही. आपल्याकडे म्हणतात की लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत. जपानी लोकांनी हा तंटाच मिटवला. लक्ष्मीसुद्धा इथे आली होती, किचिजोतेन या नावाने, पण हळूहळू तिचं खातं बेन्तेनकडे गेलं. आता विद्या, संगीत आणि पैसा, तिन्ही एकाच खिडकीवर. सात भाग्यदेवता एका नावेत बसलेल्या असतात ना, त्यांतली एकटी बाई तीच. म्हणून हेत्सुमियाच्या आवारात, पांढऱ्या नागराजाच्या त्या कुंडात, लोक नाणी धुतात. धुतलेला पैसा वाढतो म्हणे. तू धुतलेलं पाच येनचं नाणं खर्च करू नकोस असं आई म्हणाली. मी म्हणतो खुशाल कर.

गुहांबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मला सांगायचंय. इवायाच्या दोन गुहा समुद्राने कोरलेल्या आहेत, पहिली 152 मीटर आत जाते आणि दुसरी 56. आपल्या घारापुरीलाही बेट आणि गुहाच आहेत, पण त्या माणसांनी छिन्नीने कोरल्या. इथे लाटांनी काम केलं. 1971 मध्ये दरड कोसळल्यावर त्या बंद झाल्या आणि 1993 मध्ये परत उघडल्या. तू हातात मेणबत्ती धरून वाकून चालत होतीस आणि भिंतीवरून टपकणारं पाणी नेमकं ज्योतीवर पडेल म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करत होतीस. अशाच गुहेत, साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी, सुगियामा वाइची नावाचा एक आंधळा मुलगा उपास धरून बसला होता, असं सांगतात. सुया टोचून रोग बरे करण्याची विद्या तो शिकत होता, पण हात जड आणि पाठांतर कच्चं, म्हणून गुरूने त्याला घालवून दिलं. बेन्तेनला साकडं घालून परतताना तो एका दगडाला अडखळून पडला आणि पायाला काहीतरी टोचलं. चाचपून बघतो तर नळीसारख्या गुंडाळलेल्या पानात पाइनची एक काडी. त्यावरून त्याला सुचलं की सुई बारीक नळीतून घातली तर सरळ जाते, दुखतही कमी. ती नळी आज जगभर वापरतात. हाच मुलगा पुढे शोगुन त्सुनायोशीचा वैद्य झाला आणि त्याने अंध मुलांना ही विद्या शिकवायला शाळा काढल्या. गुहेतली गोष्ट दंतकथा असेल. नळी आणि शाळा खऱ्या आहेत. तो अडखळला तो दगड, फुकुइशी, देवळाकडच्या वाटेवर आहे आणि तू त्याच्याशेजारी बसून बुटाची नाडी बांधलीस.

गुहांबाहेरचा तो सपाट कातळ, जिथे घारीने तुझं सेन्बेई पळवलं, तो 1923 च्या मोठ्या भूकंपात जवळपास मीटरभर वर आला. (सेन्बेईत काय दाबून भाजलेलं असतं ते आजीला फोनवर सांगू नकोस. 'तांदळाचा पापड' एवढं पुरे.)

यंदा दसऱ्याची पाटी तू काढ. आकड्यांचीच काढ, हवं तर हातात बिवा दे. आजी विचारेल, वीणेचा एकच भोपळा का गं? तेव्हा तिला हे सगळं तूच समजावून सांग. आणि पुन्हा एनोशिमाला गेलो की आईचे गुडघे दुखायला नकोत, म्हणून पुलाजवळून बेन्तेनमारू बोटीने थेट त्या कातळावर उतरू. एस्कार नावाचा सरकता जिना चढायलाच आहे, उतरायला नाही, त्यामुळे परतीलाही तीच बोट बरी. समुद्र खवळलेला असला की ती बंद असते. जायच्या आदल्या दिवशी वारा बघायचं काम तुझ्याकडे.

तुझा,
बाबा