व्हिडिओ ठेवा, त्यातलं 'विष' काढा

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत जिम चालवतो. पोरं वापरतात त्या एका व्हे प्रोटीनबद्दल शंका आली, म्हणून बिल घेऊन सीलबंद डबा विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासून घेतला. डब्यावर एका स्कूपला 24 ग्रॅम प्रोटीन लिहिलंय, अहवालात 15 आलं. मी व्हिडिओ टाकला. त्यात 'ही कंपनी पोरांना विष पाजते' असंही बोललो. आता वकिली नोटीस आली आहे : सात दिवसांत व्हिडिओ हटवा, लेखी माफी मागा, नाहीतर 50 लाखांचा दावा लावू. घरचे म्हणतात, मिटवून टाक.

उत्तर : माफीनाम्यावर सही करू नका. नोटीस ही कंपनीची मागणी आहे, कोर्टाचा हुकूम नव्हे. पण मुदतीत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

24 आणि 15 हे आकडे तुमच्याकडे कागदावर आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार लोकहितासाठी केलेलं खरं विधान बदनामी ठरत नाही, आणि भरपाईच्या दाव्यातही सत्य हाच मोठा बचाव. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका सप्लिमेंट कंपनीच्या दाव्यात प्रयोगशाळेच्या अहवालांवर बोलणाऱ्या यूट्यूबरांविरुद्ध अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) मनाई द्यायला नकार दिला. 'विष' मात्र तुमच्या अहवालात कुठेच नाही. मूळ व्हिडिओची प्रत जपून ठेवा आणि तेवढं वाक्य आजच कापा. 'सगळे डबे बोगस' असंही म्हणू नका. तुम्ही एकाच बॅचचा डबा तपासलाय.

आता एक अवघड प्रश्न. तुमच्या जिममध्ये दुसऱ्या कंपनीचा डबा विकून तुम्ही कमिशन घेता का? घेत असाल तर वकिलाला आधी सांगा. कंपनी पहिला वार तिथेच करेल, आणि मग तुमचा प्रामाणिक हेतू सिद्ध करणं जड जाईल.

उरलेली पावडर, डबा, बॅच नंबर, बिल, सगळं जपा. त्याच बॅचचा आणखी एक सीलबंद डबा मिळाला तर घेऊन ठेवा. प्रोटीनची नेहमीची चाचणी थेट प्रोटीन नाही, त्यातला नायट्रोजन मोजते, त्यामुळे नायट्रोजन असलेलं स्वस्त अमिनो ॲसिड मिसळूनही आकडा फुगवता येतो. म्हणून दुसऱ्या डब्याची अमिनो ॲसिड प्रोफाइलही, म्हणजे कुठलं अमिनो ॲसिड किती आहे याची तपासणी, करून घ्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. माल निकषांत बसला नाही तर ती फी परत मिळते.

तुमची बाजू ऐकल्याशिवाय कंपनीला मनाई मिळू नये म्हणून कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'आधी आम्हाला ऐका' असा अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालतं. दावा कोल्हापुरातच लागेल असं धरू नका. कंपनी कुठल्या शहरातली आहे आणि नोटिशीत कुठलं कोर्ट लिहिलंय ते बघून तिथे करा.

आणि नुसता बचाव करत बसू नका. तालमीतल्या पोराच्या खुराकासाठी इथले आई-बाप पोटाला चिमटा काढतात. लेबलवर खोटा आकडा छापणं ही त्यांची लूट आहे, आणि तुम्ही ती उघड केलीत हे योग्यच केलंत. अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. चुकीच्या लेबलला 3 लाखांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्या डब्याच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करता येते : मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. प्रशासनाची पोच नोटिशीच्या उत्तराला जोडा.