संगीतक्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून पूर्णवेळ करिअर होऊ शकतं का?

होतं, पण नुसत्या अल्बमच्या कव्हरवर नाही. 1939च्या सुमारास कोलंबिया रेकॉर्ड्सने अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसला कला दिग्दर्शक नेमलं, तोवर रेकॉर्डी बहुतेक साध्या वेष्टनात विकल्या जायच्या. चित्रांची कव्हरं त्याने रूढ केली. पुढे एलपीचा (लाँग प्ले, म्हणजे मोठ्या रेकॉर्डीचा) 12 इंची चौकोन म्हणजे डिझायनरची चंगळच!

आता तेच चित्र फोनवर नखाएवढं दिसतं. फाइल 3000 बाय 3000 पिक्सेलची द्यायची आणि ती अंगठ्याएवढी करून तपासायची. नाव वाचता येत नसेल तर टाइप, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट, बदला. बारीक नक्षीवर रात्र घालवू नका, कुणाला दिसत नाही ती.

खरा पैसा टूरची पोस्टरं, टी-शर्ट, स्टेजमागच्या पडद्यावरची दृश्यं, लिरिक व्हिडिओ (गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवणारे) यांत असतो. म्हणून थोडं मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती डिझाइन्स करणं, शिकाच. कव्हरचं चित्र टी-शर्टवर छापायचं तर वेगळे पैसे, हे करारात आधीच लिहून घ्या. मी एकदा तोंडी बोलण्यावर विसंबलो आणि माझंच चित्र अनोळखी माणसाच्या छातीवर फुकट पाहिलं.

सुरुवात ओळखीच्या नव्या बँडपासून करा. संगीताचं वेड असायलाच हवं असं नाही: ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची शेकडो कव्हरं करणाऱ्या रीड माइल्सला म्हणे जॅझची फारशी आवड नव्हती.