‘तार मोडून घ्या’ आणि बाळी

प्रश्न असा आहे: तारेच्या गोल बाळ्या घरी करायला शिकवणारे ‘तार बाटलीभोवती मोडून घ्या’ म्हणतात. हे बरोबर की ‘वाकवून घ्या’ म्हणावं?

‘मोडून’ साफ चूक. हिंदीतलं ‘मोड़ना’ म्हणजे वळवणं. मराठीत तार मोडली म्हणजे तिचे दोन तुकडे झाले. हल्ली हे इतक्यांदा कानावर पडतं की चीड येते. अक्षरं वळवून लिहायची म्हणून ‘मोडी’, असा त्या लिपीचा दाखला कृपा करून देऊ नका. ‘हात मोडला’ ऐकून हात वाकवला असं कुणी समजत नाही. शिवाय तांब्याची तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवून सरळ केली की तिथे कडक होते आणि शेवटी खरोखर मोडते. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द नकोत का?

‘वाकवून’ चालेल, पण तार वाकते ती एका जागी, कोपरासारखी. गोल होताना ती लांबीभर थोडीथोडी वळते, जशी मूठ वळते. म्हणून ‘वळवून घ्या’.

आणि इथेच खरी मौज आहे. हातात घालायचं वळं आलं ‘वलय’वरून, आणि वलयाच्या मुळाशी ‘वल्’ हा वळण्याचा धातू. माझ्या मते बाळीही त्याच घरची. तिचं नातं बाळाशी जोडणाऱ्यांचं, ‘लहान मुली घालतात म्हणून बाळी’ म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. मोठी माणसं काय कानात घालत नाहीत? संस्कृत कोशांत कानातल्या दागिन्याला ‘वालिका’ आणि ‘बालिका’ अशी दोन्ही रूपं आहेत. या मंडळींनी सोपं तेवढं उचललं. यावर आक्षेप येतो की हिंदीत विसाचे ‘बीस’ होतात, मराठी तर ‘व’ राखते, मग ‘वाळी’ का नाही? कारण ‘ब’ संस्कृतातच शिरलेला होता. ती हिंदीतून आयती आली म्हणावं, तर ‘बाली’च राहिली असती. फलाचं फळ, जालाचं जाळं, तशी ही बाळी. तिचा ळ जुना आहे. पायातला वाळा आठवा, त्याने तर व-सुद्धा सोडलेला नाही. वळं, वाळा, बाळी: तिन्ही वळवलेल्या, तिन्ही गोल. एवढं समोर दिसत असताना बाळाला मध्ये कशाला आणायचं?

राहिलं तारेचं टोक. ४ सेंटिमीटर व्यासाच्या बाळीला साडेबारा सेंटिमीटरहून थोडी जास्त तार घ्यावी लागते, कारण एका टोकाला दुसरं अडकवण्यासाठी बारीकसा फासा करायचा असतो. गोल तोंडाच्या पक्कडीत टोक धरून मनगट फिरवलं की तो होतो. तिथेही लोक ‘टोक मोडा’च म्हणतात. टोकाला मुरड घालतात. नाक मुरडतात तशी.